चेरी म्हटलं की पास

कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलात मी अठ्ठावीस वर्षं लोकांना भूल देतोय, पण गेल्या हिवाळ्यात एका आख्ख्या वर्गाला जी दिली तिला तोड नाही. इटालियन रेड वाइनच्या क्लासमधला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणून माझं नाव झालं होतं आणि मला कशाचाही वास येत नव्हता. कशाचाही म्हणजे कशाचाही. गुलाबाचा नाही, गटाराचा नाही, स्वतःच्या मोज्यांचाही नाही.

कोविड दुसऱ्यांदा झाला तेव्हा माझं नाक गेलं. दिसायला जागेवरच होतं, चष्मा टेकवायला उपयोगी पडत होतं, पण आतून बंद. कळलं ते असं: सकाळी मी किचनमध्ये पेपर वाचत बसलो होतो, टोस्टर माझ्या कोपरापाशी होता आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. बायको वरून धावत आली. टोस्टचे कोळसे झाले होते, खोली धुराने भरली होती आणि मी त्या धुरात शब्दकोडं सोडवत होतो. "तुला वास नाही आला?" तिने विचारलं. तिथून पुढे दोन वर्षं हाच प्रश्न.

नाक-कान-घशाचा आमचा एक सहकारी आहे, त्याला दाखवलं. तो आधी म्हणाला सहा महिने थांब. सहा महिन्यांनी म्हणाला, बघू. डॉक्टर 'बघू' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी स्वतः हा शब्द शेकडो पेशंट्सवर वापरलाय, त्यामुळे माझ्यावर वापरला गेल्यावर चिडायचाही हक्क नव्हता. तरी चिडलोच.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. थिएटरमध्ये हल्ली सगळं मॉनिटरवर कळतं, नाकाने वायू ओळखायचे दिवस गेले. उलट काही ऑपरेशन्समध्ये मला सगळे नशीबवान समजायचे. पण आमच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीमागे, काचेची एक बरणी होती. तिच्यात आईने केलेला शेवटचा गोडा मसाला होता. अर्धी बरणी. माझं नाक जायच्या आधीच्या वर्षी आई गेली. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी तिने तो मसाला सांगलीहून एका पाहुण्याच्या बॅगेत घालून पाठवला होता, बरणीला चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: 'लवकर संपवा. वास उडतो.' आम्ही अर्धा संपवला. मग ती गेली आणि उरलेल्याला हात लावायचा आमचा दोघांचाही धीर होईना.

मग माझं नाक गेलं. बायकोने जाहीर करून टाकलं, "तुला वास येईल त्या दिवशी ही बरणी उघडायची. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही." ती शाळेत गणित शिकवते, एकदा रेघ मारली की मारली. मला ते त्या वेळी फार बरं वाटलं. नंतर मात्र तिच्या नकळत मी मनात हिशेब करायला लागलो. मसाल्याचा वास रोज थोडा उडतोय आणि माझं नाक रोज जिथल्या तिथे आहे. दोघांतलं आधी कोण पोचतं, एवढाच प्रश्न होता. मला त्या बरणीतून एकदा, फक्त एकदा, आईच्या स्वयंपाकघराचा वास घ्यायचा होता. बाकी गुलाब-बिलाब गेलं खड्ड्यात.

घरात दुसराही घोळ झाला होता. आमच्याकडे आमटीला नावं ठेवल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. म्हणजे मी ठेवायचो. चिंच कमी, फोडणी कच्ची, कढीपत्ता शिळा, हे सगळं चाटून पुसून खात खात. बायको उलट उत्तर द्यायची, मी पुन्हा वाढून घ्यायचो, संसार चालला होता. नाक गेल्यावर मी शहाण्यासारखा वागायला लागलो. काहीही वाढलं की म्हणायचो, "छान झालंय." एकदा ती घाईत आमटीला फोडणी द्यायलाच विसरली. मी म्हणालो, "छान झालीय." तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिने आमटी करणं कमी केलं, पास्ता वाढवला.

नाकाला शिकवण्यासाठी एक व्यायाम असतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार तेलांच्या बाटल्या रोज दोनदा हुंगायच्या आणि मनात तो तो वास आठवायचा. मी दीड वर्षं हुंगल्या. बायको एक दिवस म्हणाली, "तू रोज या रिकाम्या नाकाने चार बाटल्या हुंगतोस. त्यापेक्षा ज्यांच्यात काहीतरी आहे अशा बाटल्या हुंग की. निदान संध्याकाळ बरी जाईल." आणि मला न विचारता तिने कौन्सिलच्या प्रौढांच्या क्लासमध्ये माझं नाव घातलं. विषय: इटलीच्या रेड वाइन्स. शनिवारी दुपारी दोन ते चार, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, दहा आठवडे.

शिकवायला एक निवृत्त भूगोल शिक्षिका होत्या. नकाशा लावल्याशिवाय त्या बाटली उघडायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकापुढे एक बादली ठेवली. वाइन तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. 'येथे थुंकू नये' वाचत मी लहानाचा मोठा झालो, आणि पन्नाशी उलटल्यावर साहेबाच्या देशात फी भरून थुंकायला शिकत होतो. शेजारी कॉर्डरॉयच्या जॅकेटमधले एक गृहस्थ बसायचे, कार फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेले. ते इतकं नीटनेटकं थुंकायचे की बघत राहावं. बाकीची आठदहा मंडळी म्हणजे नाकाने कांदे सोलणारी. पण खरंखुरं नाक असलेली, त्यामुळे मला त्यांचा हेवा वाटायचा.

मी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मी महाराष्ट्रात शिकलेला डॉक्टर आहे. आम्हाला परीक्षा दिसली की आम्ही ती पास होतो. विषय समजला का, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलेला नसतो. शिक्षिकाबाई म्हणाल्या की दर आठवड्याला झाकलेल्या बाटलीतली एक वाइन ओळखायची आहे, आणि माझ्या अंगात थर्ड एमबीबीएस संचारलं. घरी जाऊन मी रंगीत पेनांनी तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. आतल्या बरणीला बाहेर पहारा बसवल्यासारखा.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नाक गेलं तरी जीभ शाबूत असते. आंबट कळतं, गोड कळतं, कडू कळतं, दारूचा चटका कळतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुरट कळतं. रेड वाइनमधला तुरटपणा समजावताना आमच्या बाईंचा घामटा निघायचा. हिरड्यांवर कसं कोरडं वाटतं, जिभेला कसं लोकरीसारखं वाटतं, असं वर्णन चालायचं आणि लोक शंकेखोरपणे ओठ चाटायचे. मी जांभळं, आवळे आणि कच्च्या सुपाऱ्या खाऊन वाढलेला माणूस. मला तुरटाची शिकवणी नको होती. मी मनातल्या मनात पट्टी तयार केली: एका टोकाला पिकलेलं केळं, दुसऱ्या टोकाला हिरडा. कुठलीही इटालियन रेड आणा, मी ती पट्टीवर बसवतो.

आणि बसायची हो. बार्बेरा असली की रंग गडद जांभळा, आंबटपणा जबरदस्त आणि तुरटपणा जवळपास नाहीच. कोकमाच्या सारासारखी, सरळ घशाखाली. किआन्ती मधली, आंबटही आणि तुरटही, अंगात थोडा खडूसपणा, शनिवार पेठेतल्या माणसासारखी, पण जेवणाबरोबर एकदम सुधारते. दक्षिणेतली प्रिमितिव्हो गोडसर, मऊ, कशालाही हो म्हणणारी. तिच्यावर मी विश्वास ठेवला नाही. लाम्ब्रुस्को फसफसते, ती ओळखायला नाक सोडा, डोकंही लागत नाही. आमारोनेसाठी द्राक्षं आधी महिनोन्‌महिने मांडणीवर सुकवतात, म्हणजे वाळवणच. दारूचा चटका इतका की कान गरम होतात. आणि बारोलो. ती रंगाला इतकी फिकी की वाटतं पाणी घातलंय. एक घोट घेतला की हिरड्याचा तुकडा चावल्यासारखं तोंड आवळून येतं. दिसायला गरीब आणि आतून खाष्ट, अशा दोन मावश्या मला आहेत, त्यामुळे बारोलो मी कधीच चुकलो नाही.

राहिला वास. तिथे शुद्ध थापा. मी ग्लासात नाक घालायचो, डोळे मिटायचो आणि चेहरा करायचो. स्टेथोस्कोपमधून काहीही ऐकू आलं नाही की आम्ही डॉक्टर जो चेहरा करतो तोच. मग पहिला शब्द: चेरी. हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. इटालियन रेड असली की कुठली ना कुठली चेरी त्यात असतेच. आंबट चेरी, काळी चेरी, सुकी चेरी, दारूतली चेरी. चेरी म्हटलं की पास. त्यानंतर तक्त्यातून एखादी न खाण्याची वस्तू उचलायची. चामडं, तंबाखू, डांबर. बारोलोला म्हणे गुलाब आणि डांबराचा एकत्र वास येतो. पुण्यात वरात चालली असताना रस्त्याचं काम निघालं तरच असा वास येईल, असं माझं मत होतं, पण मी गंभीरपणे म्हणायचो, "गुलाब. आणि मागे थोडं डांबर." बाई खूश व्हायच्या.

सातव्या आठवड्यात मला माज चढला. एका किआन्तीला मी म्हणालो, "जुन्या पुस्तकांचं दुकान, तळमजला." मला वाटलं, पकडलो गेलो. तेवढ्यात कॉर्डरॉयवाल्यांनी पुन्हा ग्लास हुंगला, मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मग सगळ्यांनाच ते दुकान सापडायला लागलं. एका बाईंना तर दारात मांजरही सापडलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो. मग तिने हळूच विचारलं, "पण तुला खरंच काही येत नाही? थोडंसुद्धा?" मी म्हणालो नाही. ती फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघत राहिली, आणि हसणं तिथेच संपलं.

दहाव्या शनिवारी कॉर्डरॉयवाले स्वतःची बाटली घेऊन आले. बारोलो. बायकोबरोबरच्या शेवटच्या इटलीच्या ट्रिपमध्ये घेतलेली, तिच्याच कार्डिगनमध्ये गुंडाळून सूटकेसमधून आणलेली. ती गेल्यापासून बाटली जिन्याखाली पडून होती, चांगल्या दिवसाची वाट बघत. ते म्हणाले की असा वर्ग पुन्हा मिळायचा नाही, तर आजच उघडू. त्यांनी सगळ्यांना ओतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगा. शेवटी."

मला त्यात मान वाटला आणि लाजही. एकेक जण हुंगून सांगत होता. गुलाब, डांबर, सुकी चेरी, एकजण म्हणाला पावसानंतरचं जंगल. माझंही वाक्य तयार होतं. मी नाक घातलं, चेहरा केला आणि श्वास ओढला.

आणि मला वास आला.

ओल्या पुठ्ठ्याचा. पाणी शिरलेल्या माळ्यावर पडून राहिलेल्या खोक्याचा. कुबट, कोंदट, अगदी घाण वास. दोन वर्षांनी पहिला आणि तो हा. डॉक्टर असल्यामुळे आनंद व्हायच्या आधी भीती वाटली, कारण नाक परत येताना कधीकधी वाकडं येतं. साध्या कॉफीला सडका वास येतो, आणि काहींचं तसंच राहतं. म्हणजे हा वास बाटलीत होता की माझ्या डोक्यात, हे मला कळेना. डोक्यात असेल तर आईचा मसालाही मला असाच येणार होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्यापेक्षा न आलेला बरा.

सगळे माझ्याकडे बघत होते. गुलाब म्हणून मोकळं होता आलं असतं. त्या माणसाकडे बघून तेच म्हणायला हवं होतं. पण मला विचारायचंच होतं. "मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय," मी म्हणालो, "माझं चुकत असेल."

बाईंनी चष्मा वर केला, ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला. त्यांचा चेहरा पडला. "नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. बुचाने खराब झालीय. फार वाईट वाटतं मला."

एका माणसाच्या बायकोची आठवण नासली होती आणि मी तिथे बत्तीशी दाखवत उभा होतो. मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातूनही. मग मी सगळं सांगितलं. दोन वर्षांचं, तक्त्याचं, चेरीचं, पुस्तकांच्या दुकानाचं. मांजरवाल्या बाई लालबुंद झाल्या. कॉर्डरॉयवाल्यांनी स्वतःचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मी उघडली तेव्हाच मला तो वास आला होता. म्हटलं, बघू कोणी बोलतं का." त्यांनी सगळ्यांचे ग्लास गोळा करून सिंकमध्ये ओतले, रिकामी बाटली धुतली आणि कार्डिगनमध्ये गुंडाळून परत घरी नेली. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले की त्याची गरज नाही, पण जरा ओशाळेच दिसले.

साडेचारला घरी पोचलो. बायकोला दारातच सांगितलं. तिने मला किचनमध्ये नेलं, हिंगाची डबी उघडली आणि माझ्या नाकाखाली धरली. हिंग आला. सणसणीत, उग्र, सरळ डोक्यात जाणारा, आणि हिंगासारखाच. मला आयुष्यात हिंग इतका कधी आवडला नव्हता. मी म्हणालो, "बरणी काढ."

"आज नको," ती म्हणाली. "थोडं स्थिर होऊ दे."

"दोन वर्षं स्थिरच होतो. काढ."

तिने मटारची पिशवी बाजूला केली, बरणी काढली आणि ओट्यावर ठेवली. चिठ्ठीवरचा बर्फ मी अंगठ्याने पुसला. मग झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. गारवा आला. बाकी काही नाही. पुन्हा श्वास ओढला. थोडी धूळ, बस. मी हिंगाची डबी घेतली, हिंग येत होता. बरणी घेतली, काहीच नाही. "फक्त हिंगच येतोय," मी म्हणालो. "बाकीचं गेलंय ते गेलंच."

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "तुझं नाक ठीक आहे. मसाल्याचाच गेलाय."

"तुला काय माहीत?"

"मी दिवाळीत उघडून बघितली होती."

दिवाळी म्हणजे क्लासचा दुसरा आठवडा. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तू क्लासला जात होतास ना," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो आणि रडलो. आई गेली तेव्हा मी फ्लाइट पकडायच्या धांदलीत होतो, तेव्हा राहिलं होतं ते सगळं. बायकोने मला रडू दिलं. मग तिने बरणी उचलली, डाळ लावली आणि उरलेला सगळा मसाला, खरवडून, आमटीत घातला. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं. वासच नाही म्हणून भर घालायला तिने हिंगाची चिमूट दोनदा टाकली, ते मी पाहिलं.

सात वाजता आम्ही जेवायला बसलो. मी भात कालवला, पहिला घास घेतला. ती समोर बसून बघत होती, चमचा हातात, स्वतः जेवत नव्हती. छान झालीय, हे शब्द सवयीने माझ्या ओठांपर्यंत आले होते.

"हिंग जास्त झालाय," मी म्हणालो. "आणि मसाला शिळा आहे."

तिने डोळे पुसले आणि माझ्या भातावर आणखी दोन पळ्या आमटी वाढली. "मग उद्यापासून तू कर," ती म्हणाली.